पकड बदलली, हात जुनाच राहिला

पत्र थोडक्यात: बेळगावच्या एका उपनगरात राहणारे ४६ वर्षांचे गृहस्थ लिहितात. तरुणपणी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर टेनिस बॉल क्रिकेट खेळलेले. गेली काही वर्षं पहाटे पत्र्याच्या शेडमधल्या कोर्टवर बॅडमिंटन डबल्स खेळतात. शेजारचे मित्र त्यांचे कायमचे पार्टनर. उन्हाळ्यात त्यांच्या वेळेला इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी येऊ लागला, लहानपणी रीतसर कोचिंग घेतलेला. एकदा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "अंकल, तुमची ग्रिपच चुकीची आहे." यांनी घरी मोबाइलवर व्हिडिओ बघून ग्रिप बदलली. तेव्हापासून स्मॅश (डोक्यावरून खाली मारलेले जोरदार फटके) फ्रेमला लागतात, टॉस (मागच्या रेषेपर्यंत उंच मारलेले फटके) भलतीकडे जातात, रोज हार. "जुनंच बरं होतं की गा तुझं," असं म्हणून पार्टनर आता दुसऱ्याबरोबर कोर्टवर उतरतात. त्यातच उजव्या कोपराचं दुखणं वाढलं आहे. ते विचारतात: या वयात योग्य ग्रिप शिकण्यात अर्थ आहे का, की जुनी पकड धरून गप खेळत राहावं? त्या मुलाला विचारायला मन होत नाही. तो कानडी, आमचा ग्रुप सगळा मराठी, उगाच कशाला.

नमस्कार.

ग्रिपच्या आधी कोपराचं बोलू. तुम्ही ते पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलं आहे, पण माझ्या मते खरी निकड तिथे आहे. कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दुखणं, भरलेली बादली उचलताना कळ येणं, ही 'टेनिस एल्बो' या दुखण्यात दिसणारी लक्षणं आहेत. तुमचं तेच आहे की दुसरं काही, हे पत्र वाचून कुणी सांगू नये. हाडांच्या डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टनी हात तपासून ते सांगायचं. मेडिकलमधून पट्टा आणायचा, तो चढवायचा आणि त्यावर खेळत राहायचं, एवढं मात्र करू नका.

पण तुमच्याच पत्रात एक वाक्य आहे, ते परत वाचा. कोपर 'गेल्या पावसाळ्यापासून अधूनमधून' दुखत होतं. म्हणजे त्या मुलाने तोंड उघडायच्या कितीतरी आधीपासून. मनगट सावरून धरणारे स्नायू कोपराच्या त्याच बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात आणि मूठ आवळली की त्यांना काम लागतं. तासभर बॅट आवळून खेळणाऱ्याचे ते स्नायू तासभर कामावरच असतात, दोन पॉइंटांच्या मधल्या वेळेतसुद्धा. जुन्या पकडीत तुम्ही बॅट आवळतच असणार. नव्या पकडीत ती अनोळखी वाटते, सुटेल अशी धास्ती असते, म्हणून आणखी आवळता. तेव्हा कोपरासाठी जुनी बरी की नवी हा प्रश्नच नाही, दोन्हींत तुमची मूठ घट्टच आहे. व्हिडिओत बोटं कुठे आहेत ते दिसतं, ती किती जोराने दाबली आहेत ते दिसत नाही. घरी बसून शिकणाऱ्या बहुतेकांचं इथेच बिनसतं.

आता मूळ प्रश्न. तुम्ही असं धरून चालला आहात की एक पकड चूक, एक बरोबर, आणि बरोबर ती एकदा हातात बसली की काम झालं. यातलं अर्धंच खरं आहे.

बॅट जवळ घ्या आणि हँडल नीट बघा. त्याला आठ बाजू असतात. दोन रुंद, त्या गटिंगच्या जाळीला समांतर. दोन अरुंद, त्या फ्रेमच्या कडेच्या रेषेत. आणि यांच्या मध्ये चार तिरक्या. हँडलवर ग्रिपवर ग्रिप चढवून त्याचा गोल दांडा झाला असेल तर या बाजू बोटांना लागणारच नाहीत. जुने थर सोलून काढा आणि एकच पातळ ओव्हरग्रिप, म्हणजे वरून गुंडाळायची पट्टी, लावा. सगळा खेळ अंगठा आणि तर्जनी या आठांपैकी कुठल्या बाजूवर बसतात याचा आहे, आणि तो डोळ्यांनी बघून नाही, स्पर्शाने कळायला हवा.

तुमच्या वर्णनावरून तुमची जुनी पकड अशी आहे: अंगठा आणि तर्जनी यांच्यातला 'व्ही' रुंद बाजूवर, तळवा जाळीच्या बरोबर मागे. कोच तिला पॅनहँडल म्हणतात, तव्याचा दांडा धरावा तशी पकड. कुणी न शिकवता ज्याने बॅट हातात घेतली तो बहुधा अशीच धरतो. ते साहजिक आहे, कारण तळहाताने चापट मारल्यासारखं वाटतं आणि शटल लगेच लागतं. ती पकड टाकाऊही नाही. नेटजवळ शटल उंच आलं आणि पुढे झेपावून ते खाली दाबायचं असेल, तर कसलेले डबल्स खेळाडूही बॅट जवळपास अशीच धरतात. त्या मुलाने सरसकट 'चुकीची' म्हटलं, ते तितकंसं बरोबर नव्हतं. अडचण ती पकड असण्यात नाही, तुमचा हात तिच्यातच अडकून पडला यात आहे. मागच्या कोर्टवरून टॉस मारताना ती पुरत नाही आणि बॅकहँडला, म्हणजे डाव्या बाजूला आलेल्या शटलला, तर हात बांधल्यासारखा होतो. तुम्हीच लिहिलं आहे की समोरचे 'मुद्दाम डाव्या कोपऱ्यात टाकतात'. त्यांना तुमची पकड दिसते, म्हणून टाकतात.

पायाभूत फोरहँड ग्रिप अशी. डाव्या हाताने बॅटची दांडी धरा, फ्रेमची एक कड जमिनीकडे आणि एक छताकडे. आता हँडलशी हस्तांदोलन करा. 'व्ही' वरच्या अरुंद बाजूवर किंवा तिच्या किंचित डावीकडे येतो. अंगठा बाजूला तिरका टेकलेला असतो, सपाट दाबलेला नसतो. तर्जनी जराशी वर सरकलेली, तिच्यात आणि मधल्या बोटात थोडी फट. तळवा आणि हँडल यांच्यात थोडी मोकळी जागा राहायला हवी. आता हात समोर सरळ करा. फ्रेमची कड डोळ्यांसमोर आली तर जमलं. अख्खी जाळी समोर दिसली तर हात पुन्हा तव्यावर गेला. डावखुऱ्यांनी हे सगळं उलट धरावं.

बॅकहँडसाठी यातच छोटा बदल. बॅट बोटांत किंचित फिरवायची आणि अंगठा मागच्या रुंद बाजूवर सपाट ठेवायचा, म्हणजे शटल अंगठ्याने ढकलता येतं. शटल अंगाच्या पुढे असेल तर ही अंगठ्याची पकड उत्तम. ते अंगाच्या मागे गेलं असेल तर अंगठा रुंद बाजूवरून तिरक्या बाजूवर सरकवावा लागतो, नाहीतर हात मुरगळतो. या शेवटच्या भानगडीत तुम्ही तूर्त पडू नका. डबल्समध्ये पाय हलवून तो शॉट फोरहँडने घेता आला तर घ्यावा.

म्हणजे चांगला खेळणारा एकच ग्रिप धरून बसत नाही. एका रॅलीत त्याची बॅट बोटांत अनेकदा फिरते. 'बेसिक ग्रिप' म्हणजे दोन शॉटांच्या मध्ये परत येण्याची जागा. तिथून कुठेही जाता येतं म्हणून ती बेसिक. आणि बॅट फिरायची तर बोटं सैल हवीत. शटल लागण्याच्या क्षणी ती आवळायची, लगेच सोडायची. जोरही त्या आवळण्यातूनच येतो. आधीच आवळून ठेवलेल्या मुठीला आणखी काय आवळणार?

मग तुमचा खेळ बिघडला का? तुम्ही पकड बदललीत, पण हात फिरवणं जुनंच ठेवलंत.

पॅनहँडलमध्ये जाळी आधीपासूनच समोर तोंड करून असते. हात वरून पुढे आणला की शटल लागतं, फार काही करावं लागत नाही. जोर मात्र खांद्याने आणि कोपराने रेटून आणावा लागतो. बेसिक ग्रिपमध्ये बॅट वर जाताना फ्रेमची कड पुढे असते. शटलपर्यंत पोचता पोचता कोपरापासून पुढचा हात आतल्या बाजूला वळतो, तळवा पुढे येतो आणि त्याच्याबरोबर जाळी समोर येते. लोक 'मनगटाचा झटका' म्हणतात तो मुख्यतः हाच असतो: हात कोपराखाली स्वतःभोवती वळतो, मनगट पुढे मोडत नाही. तुम्ही नवी पकड घेतलीत आणि हात न वळवता जुन्यासारखाच पुढे आणलात. त्यामुळे जाळी समोर यायच्या आतच शटल येऊन धडकतं, कधी फ्रेमवर, कधी तिरक्या जाळीवर, आणि ते तुमच्या डावीकडे घसरतं. तुमचे टॉस 'भलतीकडे' जातात म्हणता, ते बहुतेक डावीकडेच जात असतील. उद्या बघा.

एका अर्थी हे चांगलं लक्षण आहे. शटल फ्रेमला लागतंय म्हणजे पकड खरोखर बदलली आहे. ती अर्धवट बदलली असती तर तुम्ही न कळत जुन्यावर घसरला असता आणि कुणालाच काही कळलं नसतं.

आणि ही हालचाल तुमच्या हाताला नवी नाही. बाउंड्रीवरून थ्रो करताना हात असाच वळायचा. चेंडू सुटल्यावर अंगठा खाली आणि तळवा बाहेरच्या बाजूला जायचा, आठवतं? घराच्या गच्चीवर एक जुनं शटल घ्या आणि बॅटशिवाय, नुसतं हाताने, लांब आणि उंच फेका. कोपर आधी वर, मग हात. कोपराची कळ थांबल्याशिवाय हे करू नका. पण ज्याने वर्षानुवर्षं थ्रो केले आहेत त्याला टॉस शिकणं व्हिडिओत दाखवतात त्यापेक्षा सोपं जातं.

शिकायचं कसं, तर गेममध्ये नाही. इथे मला तुमच्याशी जरा स्पष्ट बोलायचं आहे. तुम्ही घरी व्हिडिओ बघितलात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे थेट एकवीसच्या गेममध्ये नवी पकड घेऊन उतरलात. पॉइंट चालू असताना हात ओळखीचंच करणार, आणि मनाने त्याला अडवलं तर तो दोन्हीच्या मध्ये अडकणार. तुमच्या जागी कुणीही हरला असता. हरण्यावरून नव्या पकडीचं काहीच सिद्ध होत नाही.

घरी, संध्याकाळी बातम्या बघताना बॅट हातात ठेवा. फोरहँड, अंगठा, परत फोरहँड, असं बोटांनी फिरवत राहा, डाव्या हाताची मदत न घेता. मग डोळे मिटून फिरवा आणि डोळे उघडून फ्रेमची कड बघा. सलग काही दिवस न बघता जागा सापडली की पुढे जा. त्यानंतर शटल हळूच वर उडवत राहायचं, एकदा फोरहँडच्या बाजूने, एकदा बॅकहँडच्या, आणि प्रत्येक वेळी मधल्या क्षणात पकड बदलायची. इथे बॅट इतकी सैल धरा की कुणी ओढली तर सुटेल. मग भिंत. भिंतीवर नायलॉनचं शटल वापरा, पिसांचं तिथे टिकत नाही. खालून, हळू, जवळून. खानापूर-निपाणीकडून लिहिणारे बरेच वाचक म्हणतात की आमच्याकडे कोच नाही. त्यांना मी हेच सांगते: भिंत आहे ना? आणि मोबाइल खिडकीत टेकवून पाठीमागून स्वतःचा व्हिडिओ काढा. दुसऱ्याचे व्हिडिओ बघण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

डोक्यावरचे शॉट सगळ्यात शेवटी, तेही पूर्ण कोर्टवरून नाही. कुणीतरी नेटपलीकडून उंच शटल द्यावं, तुम्ही मध्यावर उभं राहून ते फक्त पलीकडे घालवायचं, अर्ध्या जोराने. ज्या क्षणी लागलं तिथे हात थांबवायचा आणि बघायचं, जाळी समोर आहे का? हळूहळू मागे सरकायचं. स्मॅशचं नाव महिनाभर काढू नका. कोपर दुखत असताना तर नाहीच.

गेममध्ये काय करायचं? माझा सल्ला असा: सर्व्हिसपासून सुरुवात करा. बॅकहँड सर्व्हिस करताना वेळ तुमच्या हातात असतो, समोरून काही येत नसतं. अंगठा रुंद बाजूवर ठेवा, हँडल थोडं वरून धरा आणि ढकला. ते जमलं की लिफ्ट, म्हणजे खालून वर उचलून मारायचे शॉट, नव्या पकडीने घ्या. बाकी शॉट हात मारेल तसे मारू द्या, त्यावर मनात चिडचिड नको. काही कोच याला हरकत घेतील. ते म्हणतील, जुनी पकड आजपासून बंद, हरलात तरी चालेल. सोळा वर्षांच्या मुलाला मीही तेच सांगेन, कारण त्याच्यापुढे स्पर्धा आहेत आणि त्याला हरायला वेळ आहे. तुमचं तसं नाही. तुम्ही पहाटे उठून जे खेळता त्यात चार माणसांची सोबत आहे, आणि ती गमावून सुंदर ग्रिप मिळवणं हा काही मला फायद्याचा सौदा वाटत नाही.

यावरून तुमच्या पार्टनरकडे येते. पत्रात त्यांच्याबद्दलचा राग दिसतो, पण त्यांना तुम्ही काही सांगितलं होतंत का? एके दिवशी अचानक तुमचे सरळ टॉस बाहेर जायला लागले, तुम्ही गप्प, तेही रोज हरायला लागले. तेही पहाटेची झोप मोडूनच येतात. त्यांच्या बाजूने बघितलं तर 'जुनंच बरं होतं की गा' यात टोमण्यापेक्षा काळजीच जास्त असेल. त्यांना चहाला बसवून सांगा: मी हात बदलतोय, दिवाळीपर्यंत माझा काही भरवसा नाही, तोवर मागचं कोर्ट तू सांभाळ, मी पुढे राहतो. पुढे राहिलात तर तुमची जुनी पकड नेटवर दाबायला उपयोगी पडेल आणि मागच्या टॉसचं ओझं कमी होईल. तुमच्या ग्रुपलाही सांगा की गेम सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं नॉकिंग करायचं, म्हणजे पॉइंट न मोजता हलके शॉट मारून हात गरम करायचा. आपल्याकडच्या पहाटेच्या बहुतेक ग्रुपांत नॉकिंग करतच नाहीत. कोर्टची वेळ मोजून घेतलेली, म्हणून आल्या आल्या 'लव्ह ऑल'. गार हाताने पहिला स्मॅश, आणि मग कोपर, खांदा, पोटरी यांच्या तक्रारी.

आता तो मुलगा. तो कानडी आहे हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलं आहे. ग्रिपच्या प्रश्नात याचं काम काय, हे मला जरा शोधावं लागलं. तुम्ही बेळगावात राहता. बाजारात, बसमध्ये, ऑफिसात तुम्ही दिवसभर दोन-तीन भाषांत व्यवहार करत असाल आणि त्याचं तुम्हाला काही वाटतही नसेल. मग याच एका ठिकाणी भाषा का आडवी यावी? माझा अंदाज सांगते, चुकला तर सोडून द्या. खटकलं ते त्याचं कानडी असणं नाही. वीस-एकवीस वर्षांच्या पोराने चारचौघांत चूक दाखवली, तीही खरी निघाली, हे खटकलं. भाषेचं कारण आपल्या भागात पटकन हाताशी येतं आणि ते पुढे केलं की कुणी आणखी खोदत नाही. तुमचा ग्रुप 'सगळा मराठी' आहे म्हणता, पण तो मुलगा उन्हाळ्यापासून त्याच वेळेला येतोय. म्हणजे ग्रुप आता तसा राहिलेला नाही.

त्याने सगळ्यांसमोर सांगायला नको होतं, हे मान्य. बाजूला घेऊन सांगितलं असतं तर तुम्ही त्याला त्याच दिवशी विचारलं असतंत. पण लहानपणापासून कोचच्या शिट्टीवर वाढलेल्या मुलांना हे वावगं वाटत नाही. त्यांच्या कोचने त्यांची चूक रोज वीस जणांसमोर ओरडून सांगितलेली असते. अपमान करायचा म्हणून तो बोलला नसावा.

त्याला 'मला शिकव' म्हणायला जड जात असेल तर नका म्हणू. एवढंच विचारा: "गेमच्या आधी मला पंधरा-वीस शटल वर देतोस काय?" आणि एक खास गोष्ट बघायला सांगा: शटल लागताना माझी जाळी समोर येते की नाही. नेमकं काम दिलं की ही मुलं फार छान मदत करतात, भाषणही देत नाहीत. तो कन्नडमध्ये सांगेल, तुम्ही मराठीत उत्तर द्याल, आकडे दोघंही इंग्रजीत मोजाल. बेळगावच्या कोर्टांवर असंच चालतं.

वयाचं राहिलं. ४६ व्या वर्षी शिकण्यात अर्थ आहे का? सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर कुमार गटाच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोचले होते. तिथून ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. एका खेळातला हात दुसऱ्या खेळात असा बदलता येतो. पण ते तेव्हा विशीच्या आसपास होते आणि नंदू नाटेकर होते, तेव्हा त्यांचं उदाहरण देऊन मी तुम्हाला भुलवणार नाही. तुमचा हात हळू बदलेल. कधीकधी, दमल्यावर, जुन्यावर परत जाईल. तरीही माझं मत 'शिका' असंच आहे, आणि कारण स्मॅश नाही. कारण कोपर आहे. सैल बोटांनी आणि वळणाऱ्या हाताने खेळणारा माणूस कमी श्रमात शटल मागच्या रेषेपर्यंत पोचवतो. पन्नाशीनंतर खेळत राहायचं असेल तर ते लागणार आहे.

पण समजा तुम्ही ठरवलंत की नको बाबा, आठवड्यातून तीन दिवस घाम गाळायचा, चार गप्पा मारायच्या, एवढंच मला हवं आहे. तर तेही चालेल. तुम्हाला कुठल्या स्पर्धेत उतरायचं नाही. फक्त दोन गोष्टी तरीही करा: दोन शॉटांच्या मध्ये मूठ सैल सोडायची, आणि बॅकहँडला अंगठा रुंद बाजूवर न्यायचा. एवढ्याने कोर्टच्या डाव्या कोपऱ्याची अडचण अर्धी सुटेल, आणि मूठ सैल राहिली तर कोपराचा भारही कमी होईल.

बॅटबद्दल एक, कारण हे कुणी सांगत नाही. हँडलवर जी४, जी५ असं लिहिलेलं असतं. आकडा मोठा तितकं हँडल बारीक. आपल्याकडच्या दुकानांत बहुतेक जी५ मिळतं. तुमचा पंजा मोठा असेल तर बारीक हँडल हातात फिरतं आणि ते फिरू नये म्हणून तुम्ही आवळता. तिथे मी वर सांगितलेल्या एका ओव्हरग्रिपवर आणखी एक चालेल, पण बाजू बोटांना लागायला हव्यात. आणि ग्रिप बदलत जा. आपल्या पावसाळ्यात पत्र्याखालच्या हॉलमध्ये हवा इतकी ओली असते की टॉवेल ग्रिप दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळतच नाही, कुबट वास मारते, आणि रबरी ओव्हरग्रिप महिन्या-दीड महिन्यात गुळगुळीत होते. गुळगुळीत ग्रिप म्हणजे आवळलेली मूठ. शंभर-दीडशे रुपयांच्या ग्रिपसाठी काटकसर करून फिजिओला हजार देणारी माणसं मी पाहिली आहेत. गटिंगही दुकानदार 'प्रो लोक तीसवर ताणतात' म्हणाला म्हणून तीसवर ताणू नका. २२-२४ पौंड तुमच्या खेळाला भरपूर आहे, आणि दुखऱ्या कोपराला त्याहून ताठ जाळीचा हादरा नको.

मुलांना खेळायला पाठवणाऱ्या आईबाबांचीही याच विषयावर बरीच पत्रं येतात, त्यांच्यासाठी थोडं. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्या माणसाची बॅट दिली तर त्याच्या छोट्या मुठीत ती सांभाळत नाही आणि ते हमखास तवा पकडतं. दोष त्याचा नाही. मुलांची आखूड, हलकी बॅट मिळते, ती घ्या. सुरुवातीला हँडल जरा वरून धरू दे. आणि अंगणात त्याच्याशी खेळताना प्रत्येक शॉटला 'ग्रिप, ग्रिप' असं ओरडू नका. खेळ सुरू करताना एकदा बॅट हातात नीट द्या, कड जमिनीकडे करून, आणि मग खेळू द्या.

तुमच्यासाठी क्रम असा: या आठवड्यात डॉक्टर. ते खेळू नका म्हणाले तर कोर्टवर जा, बाकावर बसा, पण बॅट बोटांत फिरवत राहा, त्याला सहसा हरकत नसते, तरी त्यांना विचारून घ्या. आणि तिथे बसलेले असताना त्या मुलाचा उजवा हात बघा. दोन शॉटांच्या मध्ये, शटल समोरच्याकडे असताना, त्याची बोटं काय करतात ते.